हात किती चालतो, आणि कशासाठी

भाकरीचा तुकडा एका हाताने कसा मोडतो, ते एकदा जेवताना नीट बघावं. मधलं बोट आणि अनामिका भाकरी ताटाशी दाबून धरतात. अंगठा आणि तर्जनी कड पकडून ती वर ओढतात. तुकडा सुटला की त्याच बोटांचा द्रोण होतो, त्यात पिठलं भरलं जातं आणि घास तोंडाशी गेला की अंगठा तो आत सारतो. डावा हात या सगळ्यात कुठेच नसतो. चार-पाच सेकंदांचं हे काम. पण तेवढ्यात एकाच हाताची बोटं परस्परविरुद्ध दिशांना, वेगवेगळ्या जोराने चालतात, आणि जेवणाऱ्याचं लक्ष बहुतेक वेळा समोरच्याच्या बोलण्याकडे असतं.

अर्धांगवायूतून सावरणाऱ्या माणसाला, मनगटाजवळ नस कापलेल्या कामगाराला, संधिवाताने बोटं वाकलेल्या बाईला हे कितपत जमतं, ते पुनर्वसनाच्या दवाखान्यात कसं मोजतात? जगभर रूढ असलेल्या प्रमुख चाचण्यांत भाकरी नाही, हे उघड आहे. त्यांत खुंट्या आहेत, ठोकळे आहेत, राजमा आणि चमचा आहे. या चाचण्या मला मोलाच्या वाटतात. त्या ज्या गोष्टी मोजतात त्या प्रामाणिकपणे मोजतात. मात्र रुग्णाला जे हवं असतं आणि स्टॉपवॉचवर जे दिसतं, त्यांच्यामध्ये बरंच अंतर राहतं. हे अंतर कुठून आलं आणि आपल्याकडे ते कसं भरून काढता येईल, हा या आढाव्याचा विषय आहे.

इंग्रजीत ज्याला डेक्स्टेरिटी म्हणतात, त्याला मराठीत नेमका एकच शब्द नाही. ‘बोटांत कसब आहे’ म्हणतो, ‘हाताला वळण आहे’ म्हणतो, आणि सराव झाला की ‘आता हात बसला’ म्हणतो. हे शेवटचं बोलणं शास्त्राच्या फार जवळ जातं. रशियन शरीरशास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२०च्या दशकात मॉस्कोत छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांचं चित्रण करून अभ्यास केला. मुरलेल्या कामगाराचा खांदा, कोपर आणि मनगट दर घावाला थोड्या वेगळ्या वाटेने जात होते. हातोड्याचं तोंड मात्र त्याच जागी पडत होतं. म्हणजे हात बसणं हे एकच हालचाल घोकण्याने घडत नाही. तोच प्रश्न दर वेळी नव्याने सोडवता येणं, हे कसब. बर्नस्टाइन यांनी पुढे या विषयावर एक पुस्तक लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९९१ मध्ये छापलं गेलं.

लंडनच्या जॉन नेपियर यांनी १९५६ मध्ये पकडींचे दोन मोठे प्रकार सांगितले : मुठीची जोरकस पकड आणि बोटांच्या टोकांची नाजूक पकड. कोणती पकड वापरायची ते वस्तूच्या आकारापेक्षा कामाच्या हेतूवर ठरतं, हे त्यांचं म्हणणं महत्त्वाचं होतं. लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण आपण आधी अख्ख्या पंजाने पिळतो आणि ते सैल झालं की बोटांच्या टोकांवर घेतो. झाकण तेच, पकडी दोन.

याच्या आत मेंदूचं आणि त्वचेचं काम चालू असतं. १९६८ मध्ये लॉरेन्स आणि कायपर्स यांनी माकडांमध्ये मेंदूकडून मज्जारज्जूकडे जाणारा मुख्य मार्ग छेदला, तेव्हा ती माकडं काही काळाने पुन्हा धावू लागली, चढू लागली. पण लहान खळग्यातला खाऊ एकेक बोट वेगळं चालवून काढणं त्यांना पुन्हा जमलं नाही. पक्षाघातानंतर खांदा आधी हलतो आणि बोटं मागे राहतात, हे ज्यांनी घरात पाहिलं आहे त्यांना या प्रयोगाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. त्वचेचं काम स्वीडनमधल्या रोलंड योहान्सन यांनी १९८०च्या दशकापासून उलगडून दाखवलं. पंज्याच्या त्वचेत स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० मज्जातंतू असतात. वस्तू उचलताना ती निसटू नये यासाठी जेवढा जोर लागतो, त्याहून किंचितच जास्त जोर आपण लावतो. वस्तू घसरू लागली तर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड आवळली जाते, मनाला कळायच्याही आधी. अंगठा आणि तर्जनी बधिर करून काडेपेटीतली काडी ओढायला सांगितली, तर स्नायू शाबूत असलेला माणूसही ती पुन्हापुन्हा पाडतो.

थोडक्यात, कसबात जोर, स्पर्श, बोटांचं सुटंपण, नजर आणि हेतू हे सगळं एकत्र येतं. ते मोजायला आपण काय घेतलं? कारखान्यातली पाटी.

हे उपरोधाने म्हणत नाही, इतिहास तसाच आहे. जॉन्सन ओ’कॉनर यांनी १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत बारीक भाग जुळवण्यासाठी माणसं निवडताना बोटांच्या चाचण्या बसवल्या. मिनेसोटात चकत्या फिरवण्याची चाचणी आली. १९४८ मध्ये परड्यू विद्यापीठातल्या जोसेफ टिफिन यांची खुंट्यांची पाटी आली : भोकांच्या दोन ओळी, प्रत्येकीत २५ भोकं. तीस सेकंदांत जमतील तेवढ्या खुंट्या उजव्या हाताने, मग डाव्या, मग दोन्ही हातांनी बसवायच्या. शेवटी एका मिनिटात खुंटी, चकती, नळी, पुन्हा चकती अशी जुळणी करायची. जुळणीच्या पट्ट्यावर कोण भरभर काम करील, हा तिच्यामागचा प्रश्न होता. म्हणून उत्तर वेगात मागितलं. रुग्णालयांनी ही साधनं उचलली तेव्हा वेगाचं मापही सोबत आलं, आणि आजतागायत ते तिथेच आहे.

दवाखान्यातलं सर्वांत ओळखीचं साधन म्हणजे नऊ खुंट्यांची पाटी. १९७१ मध्ये केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. साधारण पाव इंच जाडीच्या, सव्वा इंच लांबीच्या नऊ खुंट्या एकेक करून भोकांत घालायच्या आणि पुन्हा एकेक करून काढायच्या. विशी-पंचविशीतल्या निरोगी माणसाला १६ ते १८ सेकंद लागतात, पंचाहत्तरीनंतर २५च्या आसपास. पाटी स्वस्त, चाचणी एका मिनिटात संपते, भाषेची अडचण नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात ती जगभरच्या औषध-संशोधनात हाताचं प्रमुख माप म्हणून वापरली जाते. तिथे वेळेत २० टक्क्यांचा फरक पडला तर तो खरा आणि अर्थपूर्ण बदल धरतात. पक्षाघातात मात्र हीच पाटी अडखळते. ज्याला एकही खुंटी उचलता येत नाही त्याचा आकडाच नाही. आणि ज्याला कष्टाने जमतं, त्याच्या आजच्या आणि उद्याच्या वेळेत इतका फरक असतो की सुधारणा झाली की दिवस बरा होता, ते सांगता येत नाही.

अशा रुग्णांसाठी ठोकळ्यांची पेटी बरी. मधे आडवी भिंत, एका कप्प्यात अडीच सेंटिमीटरचे १५० लाकडी ठोकळे. एका मिनिटात एकेक ठोकळा भिंतीवरून पलीकडे टाकायचा. तरुण माणूस ८० ते ९० टाकतो, म्हातारा ६०-६५. ज्याची बोटं जेमतेम उघडमीट करतात तोही दोन-चार टाकतोच, आणि ते दोन-चार मोजता येतात. इथेही सावध राहावं लागतं. पक्षाघाताच्या रुग्णात पाच-सहा ठोकळ्यांपेक्षा कमी फरक हा मोजमापातलाच चढउतार असू शकतो. मागच्या महिन्यात १२, या महिन्यात १५, म्हणून रुग्णाला पेढे वाटायला लावणं बरोबर नाही. तो आकडा पुन्हा तपासायचा असतो.

नऊ खुंट्यांचे आणि ठोकळ्यांचे सर्वाधिक उद्धृत होणारे प्रमाण-आकडे १९८५ मध्ये व्हर्जिल मॅथियोवेट्झ आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. त्यासाठी अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहराच्या परिसरातल्या सहाशेहून अधिक निरोगी प्रौढांची चाचणी घेतली होती. काम चोख होतं. पण बीडमधल्या ऊसतोड कामगाराचा पंजा घट्ट्यांनी जाड झालेला असतो. त्याची चिमूट मिल्वॉकीच्या कारकुनाच्या चिमटीशी ताडून ‘सामान्यपेक्षा कमी’ असा शेरा मारण्यात काही अर्थ नाही. त्याचा दुसरा, निरोगी हात हीच त्याची खरी तुलना. दोन्ही हातांवर आजाराचा परिणाम झाला असेल तर त्याच गावातला, त्याच वयाचा, तेच काम करणारा माणूस.

आता १९६९ची जेबसन-टेलर चाचणी. या आढाव्यातली ही पहिली चाचणी जिच्यात रोजच्या आयुष्याचा वास आहे, आणि म्हणूनच ती कुठल्या घरातून आली तेही दिसतं. तिचे सात भाग : २४ अक्षरांचं एक इंग्रजी वाक्य लिहिणं, कार्डं उलटणं, नाणी-क्लिपा-बाटलीची बुचं उचलणं, चमच्याने राजम्याचे दाणे उचलून डब्यात टाकणं, सोंगट्या एकावर एक रचणं, रिकामे डबे हलवणं, भरलेले डबे हलवणं. प्रत्येकाची वेळ मोजायची.

यातला लेखनाचा भाग घ्या. वाक्य नुसतं मराठीत उतरवून भागत नाही. देवनागरीत शब्द झाला की शिरोरेषेसाठी हात उचलून परत मागे न्यावा लागतो. वेलांटी मागून पुढे येते, जोडाक्षरात अर्धं अक्षर दाबून बसवावं लागतं. चोवीस रोमन अक्षरं आणि चोवीस देवनागरी अक्षरं हे बोटांसाठी सारखं काम नाही, त्यामुळे सेकंदही सारखे राहत नाहीत. आणि शाळेनंतर सहीपुरतंच पेन धरलेल्या माणसाचा आकडा हाताबद्दल बोलतो की शिक्षणाबद्दल?

जेवणाचा भाग तर आपल्यासाठी जवळपास उलटाच आहे. चमचा धरायचा तर मुठीत धरूनही भागतं, मनगट फिरलं की पुरे. बोटांनी जेवताना भात कालवायचा, गरम आहे का ते बोटांच्या टोकांनी ओळखायचं, आमटी बोटांतून गळू द्यायची नाही, पोळीचा तुकडा एका हाताने काढायचा. चमच्याच्या परीक्षेत ‘स्वतंत्र’ ठरलेला माणूस पंगतीत बसायला लाजतो, तो याचमुळे. दुसरं, आपल्याकडे उजवा हात जेवणाचा आणि डावा धुण्याचा, अशी वाटणी बालपणापासून पक्की असते. उजवा हात गेला तर डाव्याने जेवायला शिकवणं ही हालचालीची अडचण नसते. ती मनाची आणि घरच्यांच्या नजरेची अडचण असते. हे थेरपिस्टला माहीत असतं, तक्त्यात मात्र त्यासाठी रकाना नसतो.

स्वयंपाकघरात आणखी आत शिरलं तर प्रश्न वाढतात. चाकूने चिरताना एक हात हत्यार चालवतो. विळीवर हत्यार पायाखाली स्थिर असतं आणि दोन्ही हात भाजी घेऊन पात्याकडे जातात. म्हणजे बोटांची धोक्याशी जवळीकच वेगळी. साडीच्या निऱ्या घालताना अंगठा आणि करंगळीच्या मधलं अंतर हेच माप असतं, आणि प्रत्येक निरी आधीच्या निरीवर बसेपर्यंत पकड सोडता येत नाही. मोदकाच्या कळ्या पाडणं, फुलवाती वळणं, तांदूळ निवडणं, रांगोळीची चिमूट सैल-घट्ट करत रेघ सारख्या जाडीची ठेवणं : यांतलं प्रत्येक काम नेपियरच्या नाजूक पकडीचा एक धडा आहे. शेतात गेलं तर कापसाची वेचणी आणि गाईची धार. धार काढताना अंगठा-तर्जनीपासून करंगळीपर्यंत बोटं क्रमाने मिटावी लागतात. क्रम चुकला तर दूध खाली येण्याऐवजी परत वर चढतं. बोटांचं सुटंपण तपासायला याहून चांगलं काम मला सुचत नाही, आणि कडबा कुट्टीच्या यंत्रात सापडलेला हात बरा होत असताना शेतकऱ्याला नेमकं हेच परत हवं असतं.

पक्षाघाताकडे पुन्हा वळतो, कारण तिथे मोजमापाचं शास्त्र सगळ्यात पुढे गेलं आहे. १९८१ मध्ये लाइल यांनी कॅरोल यांच्या जुन्या चाचणीवरून १९ कामांची एक चाचणी बसवली. वेगवेगळ्या आकाराचे ठोकळे उचलून फळीवर ठेवायचे, एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायचं, बारीक छर्रा अंगठा आणि अनामिकेत धरायचा, हात डोक्यामागे न्यायचा. उचलायच्या वस्तूंत क्रिकेटचा चेंडूही आहे. प्रत्येक कामाला ० ते ३ गुण, एकूण ५७. यातला ‘२’ हा गुण मला फार आवडतो : काम पूर्ण झालं, पण खूप वेळ घेऊन किंवा ओढाताण करून. पाठ खुर्चीवरून पुढे वाकवून, खांदा वर उचलून ठोकळा फळीवर ठेवला, तर काम झालं आणि हात सुधारला नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं. स्टॉपवॉच हे पाहत नाही. पाहायला समोर बसलेल्या माणसाचे डोळे लागतात, आणि म्हणूनच दोन थेरपिस्टांचे गुण जुळावेत यासाठी आधी एकत्र सराव करावा लागतो.

याच क्षेत्रातला एक निष्कर्ष प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचायला हवा. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० मध्ये १८८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पक्षाघातानंतर ७२ तासांच्या आत ज्याला बोटं थोडी तरी सरळ करता आली आणि दंड अंगापासून थोडा तरी बाजूला नेता आला, त्याच्या हाताला सहा महिन्यांनी काहीएक कसब परत येण्याची शक्यता ९८ टक्के होती. दोन्ही जमलं नाही तर २५ टक्के. या तपासणीला यंत्र लागत नाही, पाटी लागत नाही. खाटेशेजारी उभं राहून ‘काका, बोटं उघडा बरं’ एवढं म्हणावं लागतं, आणि जे दिसलं ते तारखेसह लिहावं लागतं. त्या २५ टक्क्यांत कोण येईल ते त्या दिवशी ठरत नाही, म्हणून कुणाच्याही हातावरची आशा सोडायची नसते. पण घरच्यांना काय सांगायचं आणि मेहनत कुठे लावायची, याचा अंदाज येतो.

दुसरा धडा मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांचा. चाचणीच्या टेबलावर जो हात ठोकळा उचलतो, तो घरी गेल्यावर मांडीवर पडून राहतो. सुरुवातीला वापरता आला नाही म्हणून माणूस दुसऱ्या हातावर भागवतो, आणि पुढे हात सुधारला तरी ती सवय सुटत नाही. टॉब यांनी याला शिकलेला अ-वापर म्हटलं. चांगला हात बांधून ठेवून दुखऱ्याला कामाला लावायची त्यांची पद्धत २००६ मध्ये २२२ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत उपयुक्त ठरली. त्या चाचणीत दोन मापं जोडीने वापरली होती : हात काय करू शकतो याचं, आणि हात घरी प्रत्यक्षात काय करतो याचं. ‘मागच्या आठवड्यात दिव्याचं बटण या हाताने दाबलंत का, किती वेळा, किती नीट?’ अशी विचारपूस हे दुसरं माप. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१च्या वर्गीकरणातही क्षमता आणि प्रत्यक्ष वर्तन हे दोन वेगळे रकाने आहेत. आपल्या केसपेपरवर बहुतेकदा पहिलाच भरलेला दिसतो.

मनगटावर घड्याळासारखे हालचाल मोजणारे संवेदक बांधून घरचा वापर मोजण्याची पद्धत आता रुळली आहे. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट समजली. निरोगी माणसाचा डावा आणि उजवा हात दिवसभरात जवळपास सारखाच वेळ हलतो. उजवा करतो आणि डावा बघतो, ही आपली समजूत चूक आहे. डावा धरतो, टेकवतो, तोलतो. डाव्या बाजूचा पक्षाघात झालेल्या उजव्या माणसाला ‘तुमचा कामाचा हात शाबूत आहे’ असं सांगून घरी धाडणं ही म्हणूनच चूक आहे. पोळी लाटायला, नारळ फोडायला, बाळाला न्हाऊ घालायला दोन हात लागतात. हातमोजे, कॅमेरे, फोनच्या पडद्यावर टकटक करायला लावणारी ॲप्सही आली आहेत. कंपवाताच्या आजारात बोटांची लय कशी मंदावत जाते ते टिपायला ती उपयोगी पडतात. पण या साधनांचा आकडा कितीही बारीक असला, तरी प्रश्न चुकीचा असेल तर तो आकडा कामाचा नाही.

स्पर्शाचा प्रश्न भारतात खोलवर विचारला गेला, कुष्ठरोगाच्या निमित्ताने. शल्यचिकित्सक पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले. तेव्हा कुष्ठरोगाने बोटं झडतात, मांस सडतं, अशीच समजूत होती. ब्रँड यांनी पाहिलं की मज्जातंतू मेल्यामुळे वेदना कळत नाही, आणि वेदना कळत नाही म्हणून माणूस तापलेलं भांडं, बोथट पातं, खरखरीत दांडा जोराने धरत राहतो. हात त्या वापराने झिजतो. कोपराजवळच्या अल्नार मज्जातंतूला इजा झाली की अनामिका आणि करंगळी नख्यांसारखी वाकतात. पण कोपराखालच्या हातातले स्नायू अनेकदा शाबूत असतात. त्यातली एक कंडरा वळवून बोटांना जोडली, की पंजा पुन्हा उघडतो. मुंबईत नोशीर अंटिया यांनी जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीची परंपरा उभी केली आणि कुष्ठरुग्णांच्या हातांवरच्या शस्त्रक्रियेला आपल्या कामात मोठी जागा दिली.

शस्त्रक्रियेनंतर खुंट्यांच्या पाटीवर हा हात उत्तम दिसू शकतो. डोळ्यांनी बघत खुंटी उचलता येते. स्वीडनचे शल्यचिकित्सक एरिक मोबर्ग यांनी १९५८ मध्ये याच फसगतीवर बोट ठेवलं. त्यांची चाचणी साधी : टेबलावरच्या लहान वस्तू आधी डोळे उघडे ठेवून डब्यात टाकायच्या, मग डोळे मिटून. दोन वेळांतला फरक म्हणजे स्पर्शाची उणीव. खिशातलं नाणं काढणं, अंधारात कुलूप उघडणं, पाठीमागे चोळीची गाठ बांधणं या सगळ्याला हीच मिटलेल्या डोळ्यांची परीक्षा लागते. नाणी, बटणं, किल्ली, खिळा, सेफ्टी पिन आणि एक वाटी एवढंच साहित्य. एवढी स्वस्त चाचणी इतक्या कमी ठिकाणी घेतली जाते, याची मला खंत वाटते.

कुष्ठरोगासाठी २००७ मध्ये आलेली वीस प्रश्नांची साल्सा मोजपट्टी आणखी एक पाऊल पुढे जाते. गरम पेला धरता का, हत्यारं वापरता का, सुई ओवता का, असं ती विचारते. एखादा माणूस ‘मी तो फडक्यानेच धरतो’ किंवा ‘धोका आहे म्हणून टाळतो’ म्हणाला, तर ते उत्तर ती सावधगिरीच्या खात्यात वेगळं नोंदवते. बधिर हाताने गरम पातेलं भरभर उचलणारा स्टॉपवॉचवर जिंकतो आणि महिन्याभराने फोड घेऊन परत येतो. सांडशी शोधण्यात वेळ घालवणारा हरतो, पण त्याची बोटं टिकतात. मोजमापात शहाणपणालाही गुण द्यावेत, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी मोजपट्टी माझ्या माहितीत नाही. जगातल्या कुष्ठरोगाच्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात. त्यामुळे हा धडा जुना झालेला नाही. आणि तो मधुमेहाने बधिर झालेल्या हातापायांनाही जसाच्या तसा लागू पडतो.

आपल्याकडे या कामाचा पाया बराच जुना आहे. देशातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाली. ती उभी केली कमलाबाई निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन एलिझाबेथ लंडी, लग्नाने निंबकर, आणि कामाने पुरत्या इथल्या. फलटणची त्यांच्या नावाची शाळा अनेकांना माहीत असते, हे काम मात्र कमी लोकांना ठाऊक असतं. रुग्णाला त्याच्या रोजच्या कामातूनच बरं करायचं, हा या शाखेचा मूळ विचार. तो मनात धरला तर हाताच्या मोजमापात आपली कामं यावीत ही मागणी नवी नाही, मूळ विचाराकडे परत जाण्याची आहे.

इथे एक गल्लत टाळायला हवी. भाकरी आणि निऱ्या तपासण्या म्हणजे थेरपिस्टने अंदाजाने ‘बरं जमतंय’ लिहिणं नव्हे. नऊ खुंट्यांना जी शिस्त आहे ती भाकरीलाही हवी. किती वजनाची, ताज्या की शिळ्या भाकरीचा तुकडा, ताट कुठे ठेवायचं, बसायचं जमिनीवर की टेबलाशी, गुण कधी २ आणि कधी ३. मग दोन थेरपिस्टांनी स्वतंत्रपणे गुण देऊन ते जुळतात का पाहायचं, आठवड्याने पुन्हा घेऊन आकडा किती हलतो ते पाहायचं, वेगवेगळ्या वयाच्या निरोगी माणसांचे आकडे जमवायचे. काम किचकट आहे, पण अवघड नाही. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत आणि तिथे दरवर्षी पदव्युत्तर प्रबंध लिहिले जातात. त्यांतले काही या एका कामाकडे वळले, तरी थोड्या वर्षांत आपल्या हातांसाठी आपली मोजपट्टी तयार होऊ शकते.

तोपर्यंत, माझ्या मते, गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागातही वीस मिनिटांत चार गोष्टी होऊ शकतात. ठोकळ्यांची किंवा नऊ खुंट्यांची एक वेळ घेतलेली चाचणी, कारण बदल दाखवायला आकडा लागतोच. डोळे मिटून वस्तू उचलण्याची मोबर्गची चाचणी. अंगठ्याचं टोक तर्जनीपासून करंगळीच्या मुळापर्यंत कुठवर पोहोचतं ते पाहणारी कापांजी यांची ० ते १० मोजपट्टी, जिला स्वतःच्या हाताशिवाय काहीच लागत नाही. आणि एक प्रश्न : ‘मावशी, या हाताने काय करता येत नाही म्हणून तुम्हाला सगळ्यात जास्त अडतं?’ जे उत्तर येईल ते काम समोर करायला लावायचं, पाहायचं, आणि रुग्णाच्या शब्दांत लिहून ठेवायचं. पुढच्या भेटीला पहिली तपासणी त्याच कामाची.

वाचकांना एक विनंती. घरात कुणाचा हात आजारातून किंवा अपघातातून सावरत असेल, तर थेरपिस्टकडे जाण्याआधी दोन दिवस नुसतं बघा. कोणत्या कामाशी हात अडतो, कोणतं काम दुसरा हात परस्पर करून टाकतो, कुठे चटका बसला तरी कळलं नाही. यातली तीन कामं कागदावर लिहा आणि तो कागद सोबत न्या. चाचणी झाली की आकडा, कोणता हात आणि तारीख याच कागदावर लिहून मागा, आणि दर भेटीला तोच कागद पुढे करा.